चार लिंबं आणि एक वीट

मोठा ट्रॅक्टर आमच्याकडे कधीच नव्हता. लहान होता. लाल रंगाचा, पायडलवर चालणारा, मागची चाकं जुन्या स्कूटरची आणि पुढची कुठल्याशा मोडक्या तिचाकीची. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो आपल्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं बनवला होता, आणि येलहंक्यात आमचं घर त्यावरूनच ओळखलं जायचं. पोस्टमनसुद्धा पत्ता विचारणाऱ्याला सांगायचा, "त्या लहान ट्रॅक्टरवाल्यांचं ना? विहिरीकडं वळा." आमचे पूर्वज कधी काळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले आणि इथलेच होऊन गेले, असं अप्पा सांगत. त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड, आणि पोटात रागी मुद्दे असा आमचा कारभार होता. पुण्याकडचे पाहुणे आले की रागीला नाचणी म्हणत आणि तिचा गोळा न चावता गिळायचा म्हटलं की घाबरून जात. आई त्यांना मुद्दाम मोठा गोळा वाढायची.

शेड घराला लागूनच होती. अप्पा नांगराचे फाळ, खुरपी, बैलगाडीचे आस, पंपाचे सुटे भाग असं काय वाटेल ते करत. पहाटे आईच्या ताकाची घुसळण आणि अप्पांचा ऐरणीवरचा हातोडा एकदमच सुरू व्हायचा, आणि थोड्या वेळानं वरून हवाई दलाची शिकाऊ विमानं घरघरत जायची. ती गेली की शिवू, माझा धाकटा भाऊ, अंगणात जाऊन त्यांना हात करायचा. विमानातल्या माणसाला आपण दिसतो याची त्याला खात्री होती. तो तेव्हा सहा वर्षांचा होता आणि मी अकरा. तो मला अक्का म्हणे, अजूनही म्हणतो, आणि अजूनही माझं एक ऐकत नाही.

अप्पांचं एक वेड होतं. शेतकऱ्याच्या पोरांना खोटं खेळणं देऊ नये, असं ते म्हणायचे. "बाहुली काय करते? नुसती बसते. पोरानं खेळताना काहीतरी झालं पाहिजे की." म्हणून ते लहान मुलांच्या हाताची यंत्रं बनवत. मक्याचे दाणे काढायचं हातानं फिरवायचं एक चक्र होतं, त्यातून खरंच दाणे निघायचे. दोन नळ्यांची छोटी पाभर होती, तिनं मी परसात खरीखुरी रागी पेरली होती आणि ती उगवलीही होती. आणि त्या लाल ट्रॅक्टरच्या मागे तीन फणांचं एक लहानसं औत होतं. बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी एक लोखंडी दांडा असायचा. तो मागे ओढला की औत जमिनीत उतरायचं, पुढे ढकलला की वर जायचं. आई त्या औताला बघून कपाळाला हात लावायची. "खेळणं ते खेळणं, त्याला फण कशाला? कुणाच्या पायात घुसले म्हणजे?" अप्पा हसून म्हणत, "घुसणार नाहीत गं. जमिनीत घुसण्यापुरतीच धार आहे त्यांना."

त्या ट्रॅक्टरला वेगळा ब्रेक नव्हता. सायकलच्या चेननं पायडल मागच्या आसाला जोडलेलं होतं, आणि अप्पांनी त्यात फ्रीव्हील घातलं नव्हतं. चाकं फिरली की पायडल फिरायचंच, आणि पाय रोवून पायडल थांबवलं की चाकं थांबायची. शिवूला हे शिकवायला मला दोन दिवस लागले होते. "पाय घट्ट, गाडी गप्प," असं मी त्याला घोकायला लावलं होतं. तो उतारावर अगदी विहिरीच्या दिशेनं यायचा आणि पेरूच्या झाडाशी पाय घट्ट करून थांबायचा. विहीर म्हणजे आमच्याकडची शेतातली चौकोनी, खोल, पायऱ्यांची विहीर. तिला तेव्हा कठडा नव्हता. हे आज लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा कुणाच्याच विहिरीला नसायचा, आणि आमच्या मनातही कधी काही आलं नाही.

राजानुकुंट्याकडचे एक शेतकरी होते, चिक्कण्णा. ते फाळ दुरुस्तीला आले असताना त्यांनी शिवूला अंगणात तीन रेघा ओढत जाताना पाहिलं आणि आपलं कामच विसरले. उकिडवे बसून त्यांनी सगळा ट्रॅक्टर खालून वरून न्याहाळला. माझ्या दोन मुलींना असे दोन करून द्या, म्हणाले. मग त्यांच्या गावातल्या आणखी तिघांनी सांगितलं. शेडच्या भिंतीला पाच छोटे सांगाडे ओळीनं उभे राहिले, आणि अप्पा इतके खूश झाले की जेवताना ताटात बोटानं स्टिअरिंग काढून दाखवायला लागले. त्या दिवसांत आमच्या घरात फार आनंद होता, आणि तो आनंद आपल्यामुळे बिघडला असं मला पुढे वाटलं, म्हणून तर हे प्रकरण लिहायला बसले आहे.

आयुधपूजा आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. तो वर्षातला मोठा सण, दिवाळीहून मोठा, कारण तो शेडचा सण. आठवडाभर आधीपासून प्रत्येक हत्यार उघडायचं, घासायचं, तेल लावायचं. मग पूजेच्या दिवशी हातोडे, पाने, कानस, करवती सगळं देवीपुढे तांब्याच्या परातीत आणि पाटांवर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. हत्यारांची विश्रांती ती. दसऱ्याला सकाळी अप्पा आंघोळ करून परातीतलं एक हत्यार उचलत आणि वर्षाचं पहिलं काम करत. ते काम काय असावं याचा ते चार-चार दिवस विचार करायचे, कारण पहिलं काम जसं, तसं सगळं वर्ष, असा आमच्या घरचा समज. गाड्यांची पूजा मात्र बाहेर. हार, कोहळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, आणि प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. पूजा झाली की गाडी थोडी पुढे घ्यायची, लिंबं फट् करून फुटली की सगळे टाळ्या वाजवत, आणि मग कडलेपुरी, म्हणजे डाळ्यांचे चुरमुरे, ओंजळ-ओंजळ वाटायचे.

त्या वर्षी लाल ट्रॅक्टरची सगळी तयारी माझ्याकडे होती. मी चेन काढली, रॉकेलच्या डब्यात बुडवून दातणाच्या काडीनं तिची एकेक कडी घासली. ती इतकी चकचकीत निघाली की मला मोह झाला. परत पायडलच्या चक्राच्या काळ्या दातांवर चढवण्याऐवजी मी ती परातीत, देवीच्या अगदी समोर, वाटोळी करून मांडली. आरतीच्या आधी काढून परत चढवू, असा विचार होता. पण मी केळीचे खुंट बांधत होते तेवढ्यात आईनं घंटा हातात घेतली. आरती झाली, अक्षता पडल्या, आणि चेन उद्या सकाळपर्यंत उचलायची नाही अशी झाली. मी कुणाला काही बोलले नाही. आज काही कुणी चालवणार नाही, असं मनाशी म्हटलं, आणि बाहेर जाऊन मागच्या चाकापुढे एक अख्खी वीट लावली. चांगली दाबून लावली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

चिक्कण्णा त्या दिवशी आपला मोठा ट्रॅक्टर घेऊन पूजेला आले होते. अंगणात मोठा पुढे आणि लाल त्याच्या मागे, उताराकडे तोंड करून, असे दोन्ही उभे होते. दोन्हींना हार, दोन्हींच्या चाकांखाली चार-चार लिंबं. मोठा ट्रॅक्टर धडधडत पुढे गेला, बाजूला वळला, लिंबं फुटली, टाळ्या पडल्या. चिक्कण्णा उतरून अप्पांच्या गळ्यात पडले. आई म्हणाली, "आत या सगळे, कडलेपुरी घ्या, पुरणाच्या होळिगे गरम आहेत," आणि सगळे आत गेले. लाल ट्रॅक्टरच्या लिंबांची कुणाला आठवण झाली नाही. मलाही नाही. मी आत परात भरून चुरमुरे घेतले, बाहेर शिवूला द्यायला आले, आणि पायरीवरच थिजले.

शिवू ट्रॅक्टरवर बसला होता आणि ट्रॅक्टर चालला होता. आधी हळू. हार डुलत होते. मग उतार लागला. शिवूनं पाय घट्ट केलेले मला दिसले. मी शिकवलं होतं तसेच, टाचा खाली दाबून, सगळा जोर लावून. पायडल जागच्या जागी थांबलं होतं आणि चाकं फिरतच होती. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. रडत नव्हता तो. मी शिकवलेलं का चालत नाही, एवढंच त्याच्या तोंडावर होतं.

परात टाकून मी पळाले. पेरूचं झाड मागे पडलं. मी पोचणार नाही हे मला कळत होतं, आणि तोंडातून जे निघालं ते एवढंच, "शिवू, औत! औत टाक!" त्यानं दांडा मागे ओढला. तीन फण जमिनीत उतरले, खर्रर्र आवाज झाला, ट्रॅक्टरचं तोंड गर्रकन एका बाजूला फिरलं आणि तो थांबला. केळीचा एक खुंट निसटून विहिरीत पडला. पाण्याचा आवाज यायला जो वेळ लागला तो मी विसरलेले नाही. मी शिवूला ओढून काढलं आणि मातीत त्याला धरून बसले. पुढच्या चाकापासून काठ चार वितींवर होता. नंतर चिक्कण्णांनी मोजला, दोनदा.

"अय्यो देवरे," एवढंच ते म्हणत राहिले. आईनं शिवूचे हात, पाय, डोकं सगळं चाचपून बघितलं आणि मग पदरात तोंड घालून खूप रडली. मलाही सुटल्यासारखं होऊन हुंदके यायला लागले. पोरगं होतं. धडधाकट होतं. आईच्या कडेवरून ते विचारत होतं, "माझी लिंबं फुटली का?"

अप्पा ट्रॅक्टरपाशी वाकले. "चेन कुठाय?" त्यांनी विचारलं. ते देवघरात गेले, परातीपुढे जरा वेळ उभे राहिले आणि बाहेर आले. "मीच काढून ठेवली असणार पूजेला," ते म्हणाले. "विसरलो मी."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आई एकदम कडाडली, "उद्याचं पहिलं काम म्हणजे हे मोडायचं. आणि ते भिंतीचे पाचही. कुणाच्या पोरांचं काही झालं तर तोंड दाखवता येईल का आपल्याला?" चिक्कण्णा खाली मान घालून उभे होते. अप्पा काहीच बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणजे त्यांना पटलं, असं मी समजले. त्या दिवशीची होळिगे कुणाच्या घशाखाली उतरली नाही. शिवूनं मात्र तीन खाल्ल्या.

दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळ करून देवघराच्या दाराशीच बसले होते. अप्पा आले, नमस्कार केला आणि परातीतून त्यांनी करवत उचलली. हातोडा नाही, पाना नाही, करवत. मी त्यांच्या मागे शेडमध्ये गेले. लाल ट्रॅक्टर आडवा पाडलेला होता. अप्पा त्याच्याशेजारी बसले आणि करवतीचा तो कर्कश आवाज सुरू झाला. वर्षाचं पहिलं काम, आणि ते माझ्यामुळे असं. मला ते बघवेना. मी डोळे मिटूनच बोलले.

"अप्पा, चेन मी काढली होती."

करवत थांबली नाही. "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"एवढी स्वच्छ चेन या शेडमध्ये दुसरं कोण करतं? माझ्या हातून झालीय कधी?"

"मग काल तुम्ही विसरलो का म्हणालात?"

आता ते थांबले. "विसरलोच की. चेन काढली की ब्रेकच जातो, असली गाडी केली कुणी? तू केलीस? चेन आज तू काढलीस, उद्या आपण होऊन तुटली असती. बनवणाऱ्यानं याचा विचार करायचा असतो, इंदू. खेळणाऱ्यानं नाही."

मला रडू आवरेना, पण एक गोष्ट अजून राहिली होती आणि तीच जास्त बोचत होती. "अप्पा, वीट पण मी नीट लावली नव्हती. सरकली ती."

"वीट नीट होती."

"मग गाडी गेली कशी?"

"नीट होती म्हणालो ना. आता रडणं पुरे, स्वल्प, जरा हा पाइप धर बघू."

तेव्हा मी डोळे उघडून नीट बघितलं. ट्रॅक्टरला करवत लागलीच नव्हती. ते एक वेगळाच पाइप कापत होते, हातभर लांबीचा. त्याच्या टोकाला त्यांनी टायरचा तुकडा बसवला आणि तो दाबला की थेट मागच्या चाकावर बसेल असा हातब्रेक केला. चेन असो नसो. मी पाइप धरून बसले होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की हसू येत होतं आणि नाकही गळत होतं. दुपारपर्यंत ब्रेक तयार झाला. आई बघायला आली, पण तिला सांगून पटणार नव्हतं. तिनं लुगडं सावरलं आणि स्वतः त्या इवल्याशा ट्रॅक्टरवर बसली, गुडघे हनुवटीशी घेऊन. ब्रेक दाबला आणि आम्हाला म्हणाली, "ढकला." मी आणि शिवूनं सगळा जीव काढून ढकललं. ट्रॅक्टर बोटभरही हलला नाही. आई उतरली, पदर झटकला, "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढं म्हणाली आणि आत गेली.

त्याच आठवड्यात विहिरीला कठडा झाला, अप्पांनी स्वतः बांधला. भिंतीचे पाचही ट्रॅक्टर हातब्रेकसकट पुरे झाले. चिक्कण्णांच्या मुलींनी आपल्या ट्रॅक्टरांना मागे छोट्या ट्रॉल्या लावून घेतल्या आणि त्यातून टोमॅटोच्या टोपल्या वाहिल्या. त्यातली धाकटी पुढे शेतीच्या शाळेत मास्तरीण झाली, हे मी तिच्या लग्नात जेवताना ऐकलं. विहीर आता नाही. तिच्या जागी एका इमारतीचं तळघर आहे आणि तिथे गाड्या उभ्या असतात. मी अजून येलहंक्यातच राहते आणि कधी त्या बाजूनं गेले की पाय आपोआप जरा मागे ओढतात.

"वीट नीट होती" हे अप्पांचं वाक्य मी आयुष्यभर दिलासा म्हणून जपलं. मुलीचं मन राखायला बाप बोलतो तसं ते बोलले, असंच मी धरून चालले. चेनचा भार त्या सकाळी उतरला. विटेचा उतरला नाही. माझी मुलं लहान असताना त्यांच्या पाळण्याखाली, सायकलीखाली, दारामागे मी जे काही लावायची ते चार-चार वेळा दाबून बघायची. नवरा हसायचा. का ते मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

यंदा आयुधपूजेला शिवूनं मला सर्जापूर रोडला त्याच्या फ्लॅटवर बोलावलं. त्याच्या नातवाला, अर्णवला, मोठ्या खोक्यातून ट्रॅक्टर आला होता. बॅटरीवर चालणारा, हिरवा, मागे ट्रॉली, पुढे माती उचलायचं फावडं, दिवे, हॉर्न आणि चार गाणी. खाली बागेशेजारी सगळ्या गाड्यांची पूजा होती. मी त्या ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सूनबाईला विचारलं, ब्रेक कुठे आहे. ती पुण्याची. "आत्या, टेन्शन नका घेऊ हो, पाय काढला की ऑटोमॅटिक थांबतो. शिवाय रिमोट माझ्याकडे आहे." मी सरी म्हटलं, आणि कुंडीशेजारची एक वीट आणून चाकाला लावली. दाबली. परत दाबली. शिवू बघत होता.

"अक्का, तेव्हापण अशीच लावली होतीस तू," तो म्हणाला. "मला दोन्ही हातांनी ओढावी लागली."

मी वळून त्याच्याकडे बघितलं.

"मग काय तर. सगळे आत गेले, माझी लिंबं तशीच. चिक्कण्णांची फुटली, माझी का नाही? म्हणून मी वीट काढली, मागून ढकललं आणि चढलो. त्याच दुपारी अप्पांच्या कानात सांगितलं मी. ते म्हणाले, बरं केलंस सांगितलंस, आता आईला नको कळायला, हे आपल्या दोघांत राहू दे. म्हणून राहू दिलं." तो जरा ओशाळून हसला. "तुला ठाऊक असेल असं वाटायचं मला."

साठ वर्षं झाली या गोष्टीला. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात, आणि मग तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. अर्णव ट्रॅक्टरवर बसून हॉर्न वाजवत होता. शिवूनं वाकून वीट काढली, सूनबाईनं हो म्हटलं, हिरवा ट्रॅक्टर पुढे सरकला आणि चारही लिंबं फुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वीट मांडीवर घेऊन बसले होते. अप्पांनी मला दिलासा दिलाच नव्हता. जे होतं तेच सांगितलं होतं.